आधी काटा, मग पाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोटरहोमवर आपण दोन पानं दिलीत. सोफ्याचा पलंग कसा होतो, ओट्याखाली फ्रिज कसा बसतो, छतावर सोलरचे पत्रे किती मावतात, सगळं फोटोंसकट आणि हौसेनं लिहिलेलं होतं. वाचायला मजा आली. पण हेच घर ताशी ऐंशी-नव्वदनं हायवेवर पळत असतं तेव्हा स्टिअरिंग धरून बसलेल्याचं काय होतं, याबद्दल त्या दोन पानांत एकच वाक्य सापडलं: सुरुवातीला गाडी थोडी डुलते, पण सवय होते. माझं पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

सवय होत नाही हो. खांदे दुखण्याची सवय होते, एवढंच.

मी एकतीस वर्षं वजनकाट्यावर नोकरी केली. रात्रंदिवस ट्रक यायचे, ड्रायव्हर काचेतून हात काढून पावती न्यायचा आणि निघून जायचा. आकडा न बघताच गाडी कुठे दबली आहे ते ओळखायचं, हा आमचा फावल्या वेळेतला खेळ. स्प्रिंगच्या पाट्यांची कमान किती सपाट झालीय, मागच्या टायरच्या पोटाला किती घडी पडलीय, यावरून शंभर-दोनशे किलोच्या आत अंदाज यायचा. आणि हाच माणूस निवृत्तीनंतर स्वतःची मोटरहोम घेतो आणि तिला काट्यावर चढवायला सव्वा वर्ष लावतो! हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

गाडी जुनीच घेतली. लांबी ७.४ मीटर, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये (चाकं ज्यांवर बसतात ते आडवे दांडे) अंतर ४ मीटर. म्हणजे मागच्या चाकांच्या मागे जवळपास अडीच मीटर घर नुसतं लटकलेलं. मागे पाटे, जोडचाकं (दोन्ही बाजूंना दोन-दोन). आतून फार सुबक. पहिल्याच लांबच्या प्रवासात कळलं की ही सरळ चालतच नाही. एका बाजूला ओढत असती तर समजलं असतं, अलाइनमेंट बिघडली म्हणता आलं असतं. पण हिची तऱ्हा वेगळी. कधी इकडे वाहते, कधी तिकडे. जरा सावरावं तर पलीकडे जाते. मोठा ट्रक मागून आला की आधी बाहेर ढकलल्यासारखी होते आणि तो निम्मा पुढे गेला की त्याच्याकडे ओढली जाते. ट्रकच्या नाकासमोर हवा दाबली जाते आणि बाजूनं ती वेगानं निसटते, त्यामुळे असं होतं हे मला माहीत होतं. माहीत असून घाम सुटायचा तो सुटायचाच.

आमच्या सौ. शेजारी बसून वहीत उभ्या रेघा मारत होत्या. मला वाटलं खर्चाचा हिशेब. संध्याकाळी वही पुढे केली. एका मिनिटात मी स्टिअरिंग किती वेळा हलवतो ते त्यांनी मोजलं होतं. रस्ता सरळ, वारा बेताचा, आणि रेघा त्रेचाळीस. "तुम्ही गाडी चालवत नाही," त्या म्हणाल्या, "दिवसभर तिची समजूत काढता."

त्यानंतर मी तेच केलं जे सगळे करतात. वर्कशॉपमध्ये गेलो आणि वस्तू विकत घेतली. (कुठलं वर्कशॉप ते लिहीत नाही. त्यांनी मी मागितलं ते दिलं.) गाडीची शेपटी खाली बसली होती, म्हणून मागच्या पाट्यांवर हवेचे फुगे बसवले. मस्त हवा भरली, शेपटी वर आली, गाडी देखणी दिसायला लागली. वळणावर कलणंही कमी झालं. पण सरळ रस्त्यावर पूर्वीपेक्षा जास्त भरकटायला लागली. मला वाटलं मनाचे खेळ आहेत. वहीत रेघा एकावन्न.

याचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. सायकलचा पुढचा चिमटा बघा. तो सरळ उभा नसतो, मागे रेललेला असतो. त्या तिरपेपणामुळे चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा हँडलच्या रेषेच्या जरा मागे पडते, आणि म्हणून हात सोडले तरी चाक आपणहून सरळ यायला बघतं. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. अलाइनमेंटवाले त्याला कॅस्टर म्हणतात. तो दोन-चार अंशांचाच मामला. आता ४ मीटर अंतराच्या गाडीची शेपटी मागच्या ॲक्सलपाशी ७ सेंटिमीटर उचलली की सगळी चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, पुढच्या बाजूला १ अंशानं झुकते आणि तेवढा कॅस्टर जातो. मुळात पावणेतीनच असेल तर उरला पावणेदोन. वर्कशॉपनं माझी शेपटी समपातळीच्याही वर नेऊन ठेवली होती. म्हणजे जे स्टिअरिंग आपणहून सरळ येत नव्हतं, त्याची उरलीसुरली इच्छाही मी पैसे मोजून घालवली.

दुसरी वस्तू घेतली स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला लावायचा शॉकअप. खड्ड्याचा हिसका हातापर्यंत येऊ नये, चाकं थरथरू नयेत, यासाठी ती चांगली वस्तू आहे. माझ्या गाडीत तिनं एवढंच केलं की स्टिअरिंग जड झालं आणि पुढच्या टाय रॉड एंडमधला (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) ढिलेपणा मला हाताला जाणवेनासा झाला. दुखण्यावर मलमपट्टी झाली, दुखणं आत वाढत राहिलं. ही चूक करणारे मी निदान चारजण पाहिलेत, सगळे माझ्यापेक्षा शिकलेले.

शेवटी एकदा जुन्या नोकरीवरच्या मित्राला भेटायला गेलो तेव्हा तोच म्हणाला, "आलाच आहेस तर चढव की." चढवली. आम्ही दोघं आत, पाण्याची टाकी भरलेली, गॅस, पांघरुणं, सगळं रोजच्यासारखं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग संपूर्ण गाडी. पुढचा ॲक्सल १३९० किलो, एकूण ४८१०. म्हणजे मागच्या ॲक्सलवर ३४२०. पुढे शेकडा २९ सुद्धा भार नाही! मी पावती हातात घेऊन उभाच राहिलो. असा ट्रक आला असता तर मी स्वतः ड्रायव्हरला सांगितलं असतं, बाबा रे, माल पुढे सरकव, नाक हलकं आहे.

इथे काट्याबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण त्या मलाच सांगता येतील. अर्धी गाडी काट्यावर घेऊन वजन करायचं असेल तर काट्याचा फलाट आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी. उताराच्या काट्यावर एका ॲक्सलचा आकडा खोटा येतो. आणि वजन घेताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पाय ब्रेकवरून काढलेला हवा. ब्रेक दाबलेला राहिला तर चाकं जमिनीला धरून बसतात, पाटे मोकळे होत नाहीत आणि भार भलत्याच ॲक्सलवर दिसतो. एकतीस वर्षांत ही एक गोष्ट ड्रायव्हर लोकांना सांगून माझा घसा बसला. जमलं तर एका बाजूची चाकं वर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर असंही वजन घ्या. माझ्या गाडीत एक बाजू दुसरीपेक्षा १४० किलोनं जड निघाली. फ्रिज, ओटा, गिझर, सगळं एकाच भिंतीला लावलेलं. ज्यानं घर बांधलं त्यानं पाण्याच्या नळ्या कशा कमी लागतील ते पाहिलं, चाकांकडे पाहिलं नाही.

तर भार. शाळेतला सी-सॉच्या फळीचा हिशेब आहे, त्याहून जास्त काही नाही. मागचा ॲक्सल म्हणजे फळीचा टेकू. त्याच्या मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू स्वतःचं वजन तर मागच्या चाकांवर घालतेच, शिवाय पुढची चाकं उचलते. माझी १८० लिटरची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे होती. १८० किलो गुणिले दीड भागिले चार, म्हणजे पुढच्या चाकांवरून साडेसदुसष्ट किलो काढून घेतले, आणि मागच्यांवर १८० नाही, जवळजवळ अडीचशे चढवले. जास्तीच्या बॅटऱ्या आणि हत्यारांची पेटी मिळून ११० किलो, तीही दोन मीटर मागे. सगळ्यात शेवटी दोन सायकली आणि त्यांचा स्टँड, ६० किलो, ॲक्सलपासून २.६ मीटर लांब. सायकली त्या सव्वा वर्षात आम्ही दोनदा चालवल्या असतील.

टाकी काढून दोन ॲक्सलच्या मध्ये, मागच्या ॲक्सलच्या एक मीटर पुढे बसवून घेतली. नळ्या लांबल्या, लांबू देत. बॅटऱ्या आणि हत्यारं पुढच्या बैठकीच्या खोक्यात, हलक्या बाजूला. सायकली घरी. पुन्हा काट्यावर गेलो: पुढे १६६०, मागे ३०९०. नवा नट नाही, नवा पार्ट नाही, आणि पुढच्या चाकांवर २७० किलो आले. त्या दिवशी परत येताना पहिल्यांदा असं वाटलं की पुढची चाकं रस्त्याला चिकटली आहेत.

लांबी आणि ॲक्सलमधलं अंतर यांचं प्रमाण मात्र आपल्या हातात नसतं. ते घेतानाच बघायचं. गाडीच्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी अंतर ॲक्सलमध्ये असेल, तर ती गाडी मी फुकटही घेणार नाही, तिचा पलंग कितीही मोठा असो. माझ्या गाडीचं प्रमाण शेकडा ५४ आहे, जेमतेम बरं म्हणावं असं.

पुढचं टायरचं. पुरवणीतल्या लेखात टायरचा फोटो होता, शब्द नव्हता. टायरच्या भिंतीवर जो हवेचा आकडा छापलेला असतो तो त्या टायरला पूर्ण भार दिल्यावरचा आहे. आपल्या गाडीला किती हवी हे तिच्या भारावर ठरतं, आणि टायर कंपन्यांचे भाराप्रमाणे हवेचे तक्ते असतात. काट्याची पावती हातात नसेल तर तो तक्ता निरुपयोगी. मी भिंतीवरचा आकडा वाचून चारी बाजूंना ८० पौंड भरत होतो. हलकं नाक, त्यावर दगडासारखे टायर. रस्त्याला टेकणारा पट्टा तेवढाच अरुंद, प्रत्येक भेगेवर चाक उड्या मारणार. पावतीवरून तक्ता बघितला, त्यातल्या जड बाजूचा आकडा धरला, थोडी हवा जास्त ठेवली, आणि पुढे ६० वर आलो. माझा ६० कुणी उचलून आपल्या गाडीत भरू नये. कमी हवा जास्त हवेपेक्षा वाईट. टायर तापतो आणि फुटतो. आणि मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी. चालून आलेल्या गरम टायरची वाढलेली हवा काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत.

जोडचाकांचं एक सांगायलाच हवं. बाहेरच्या टायरला कुणीही गेज लावतो. आतल्याचा व्हॉल्व्ह बाहेरच्या रिमच्या भोकातून बोटं घालून शोधावा लागतो, हात काळे होतात, टोपी आत पडते, म्हणून तो नंतर, म्हणजे कधीच नाही. मी पोटावर आडवा झालो, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातानं चाचपडत गेज लावला. बाहेरच्यात ७५, आतल्यात ३८. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं, कारण बाहेरच्यानं आतल्याचा भार उचलून धरला होता. मागची एक बाजू एकाच टायरवर चालल्यासारखी चालत होती, आणि मी म्हणत होतो की गाडी डुलते कशानं! त्या टायरच्या भिंतीवरचे चार आकडे पुसून पाहिले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचा होता, नक्षी मात्र नव्यासारखी. मोटरहोम चालते कमी, उभी जास्त राहते. तिचे टायर झिजून मरत नाहीत, वयानं मरतात. सहाही बदलले आणि आतल्या व्हॉल्व्हना लांब नळ्या लावून तोंडं बाहेर आणून घेतली. त्या नळ्या म्हणजे या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची खरेदी.

यानंतर पाना हातात घेतला. आधी ढिलेपणा शोधला. इंजिन चालू ठेवून एकानं स्टिअरिंग थोडंथोडं इकडेतिकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. कुठे आधी हालचाल होते आणि मग चाक वळतं, ते बोटाला लगेच कळतं. चाकांना उटी लावा आणि हँडब्रेक ओढा, मगच खाली शिरा. माझ्या गाडीत एक टाय रॉड एंड गेलेला होता. डँपरनं झाकून ठेवलेला तोच.

मग मागचा ॲक्सल. पाट्यांच्या गाडीत मागचा ॲक्सल पाटे, त्यांच्या टोकाचे शॅकल (हलत्या कड्या) आणि रबरी बुश यांच्या भरवशावर जागेवर राहतो. वर-खाली हालचालीला पाटे उत्तम. आडव्या जोराला मात्र तेवढे भक्कम नसतात, लांब असले की आणखीच. आम्ही शेजारच्या दोघांना बोलावलं, कमरेच्या उंचीवर हात लावून घर बाजूनं ढकलायला सांगितलं, आणि सौ. टॉर्च आणि पट्टी घेऊन मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. टायर आणि पत्रा यांच्यातलं अंतर त्या मोठ्यानं वाचत होत्या. "साडेसहा... आठ... साडेसहा..." चाक जागेवर, आणि वरचं घर दीड सेंटिमीटर आडवं सरकतंय! हायवेवर वाऱ्याचा झोत आला की हेच होत होतं. घर आधी सरकायचं, मग ॲक्सलला ओढायचं, मागची चाकं किंचित तिरकी व्हायची, आणि पुढे बसलेल्या मला वाटायचं की कुणी मागून शेपटी धरून हलवतंय. मी पुढच्या चाकांनी ते दुरुस्त करायला जायचो, तोवर मागचं सरळ झालेलं असायचं. माझी दुरुस्ती हीच नवी चूक. त्रेचाळीस रेघांतल्या निम्म्या अशा असाव्यात.

बुश बदलले, यू-बोल्ट आवळले, आणि मागे एक आडवा दांडा बसवून घेतला. एक टोक ॲक्सलला, दुसरं चेसिसला. याला पनार रॉड म्हणतात, फ्रान्सच्या पनार या जुन्या मोटार कंपनीचं नाव त्याला चिकटलेलं आहे. ॲक्सल वर-खाली होऊ शकतो, आडवा सरकू शकत नाही. काटेकोर बोलायचं तर दांड्याचं टोक कमानीत फिरतं, त्यामुळे मोठ्या उसळीला ॲक्सल किंचित बाजूला जातोच. तेवढंही नको असेल तर दोन दांडे आणि मध्ये फिरती पट्टी अशी जोडणी असते, जिचं मूळ जेम्स वॉटनं १७८४ साली वाफेच्या इंजिनसाठी काढलेल्या युक्तीत आहे. माझ्यासारख्याला एक दांडा पुष्कळ झाला. लांब ठेवा आणि जमिनीला होता होईल तो समांतर बसवा, म्हणजे कमान सपाट राहते.

ज्यांना एकाच गोष्टीवर पैसे घालायचे आहेत त्यांना विक्रेते बहुधा जाड अँटी-रोल बार, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडून कलणं रोखणारा दांडा, सुचवतात. तो वाईट नाही, मीही मागे बसवला. या बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. ३२ मिलिमीटरच्या जागी ३८ चा घातला तर दिसायला बोटभरही फरक नाही, पण ताठपणा जवळपास दुप्पट. वळणावर आणि चढ-उताराच्या तोंडाशी कलणं खरोखर कमी होतं. पण तो कलण्यावरचा उपाय आहे, भरकटण्यावरचा नाही, आणि हे दोन आजार लोक एकच समजतात. शिवाय एक चाक खड्ड्यात गेलं की ताठ बार तो हिसका दुसऱ्या बाजूला पोचवतो, घर आडवं झटका खातं आणि कपाटातली भांडी बोलायला लागतात. शॉकअप बदलले त्याबद्दल फार लिहीत नाही. तेल गळत होतं, बदलावेच लागले असते.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि गाडी भरलेली असताना. रिकाम्या गाडीची अलाइनमेंट करून घेणं म्हणजे अनवाणी पायाचं माप देऊन बूट घेणं आणि मग तीन मोजे चढवणं. पाणी भरलेलं, सामान जागेवर, फुग्यांतली हवा उतरवून शेपटी समपातळीत, आणि मग मशीनवर. कॅस्टर कंपनीनं दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला, साडेतीन अंशांवर ठेवायला सांगितला. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "काका, हिरव्यात आलंय, बास झालं." हिरवा पट्टा खूप रुंद असतो. त्याच्या कुठल्या टोकाला बसायचं हे आपण सांगायचं असतं. दोन्ही बाजूंना कॅस्टर सारखा आहे का तेही बघून घ्या, नाहीतर गाडी एकीकडे ओढते.

एवढं करूनही वारा राहतोच. माझ्या गाडीची बाजू म्हणजे १९ चौरस मीटरची भिंत. ताशी ६० किलोमीटरचा आडवा वारा त्या भिंतीवर ढोबळ मानानं ३२० किलोचा रेटा देतो. वारा निम्मा झाला की रेटा पावपट, ८० किलो. म्हणून सकाळी निवांत वाटणारी गाडी दुपारी वारा पडला-चढला की पार वेगळी वाटते, गाडीत काही बिघडलेलं नसतं. डोंगर कापून काढलेल्या रस्त्यातून बाहेर पडताना आणि पुलावर चढताना हा रेटा एकदम येतो. त्या आधीच वेग उतरवलेला बरा. हिशेब सोपा आहे. ताशी ९० ला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. नाक १ अंश वळलं तर एका सेकंदात ४४ सेंटिमीटर बाजूला. ७२ ला तेच ३५. आणि आपल्यासारख्या साठी ओलांडलेल्यांना तो एक सेकंद लागतोच. नव्या गाड्यांत झोत ओळखून एका बाजूचा ब्रेक हळूच लावणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था मिळते. मर्सिडीजनं २०१३ साली स्प्रिंटर व्हॅनमध्ये ती आणली, ताशी ८० च्या वर काम करते. माझ्या गाडीत ती नाही, आणि जुन्या गाडीत ती मागाहून बसवून घेण्याची गोष्टही नाही.

हातांचं म्हणाल तर मुठी आवळू नका. मी आवळायचो. नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर न ठेवता रस्ता दिसतो तिथवर लांब ठेवली की हात आपोआप कमी हलतात. ट्रक शेजारून जाताना तो ढकलणार आणि ओढणार हे ठरलेलं आहे. ढकलल्यावर पूर्ण दुरुस्ती केली तर ओढण्याच्या वेळी तुम्ही त्याच्याच दिशेनं वळलेले असता. निम्मी दुरुस्ती करा, बाकीची तो ट्रकच करतो. शेपटी हलायला लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, ब्रेकवर उभे राहू नका.

संपादक महाराज, माझी तक्रार पुरवणीच्या लेखकावर नाही, त्यानं जे दाखवलं गेलं ते लिहिलं. गाडी दाखवणारे सोफा दाखवतात. पुढच्या वेळी त्याला गाडी बांधणाऱ्यांना एक प्रश्न विचारायला सांगा: टाकी भरून, दोन माणसं बसवून, प्रत्येक ॲक्सलवर किती किलो येतात त्याची काटा पावती आहे का? रिकाम्या चेसिसच्या कागदावरचा आकडा नको, बांधून झालेल्या घराचा हवा. मी चार ठिकाणी विचारला. दोघांनी कागदावरचा आकडा वाचून दाखवला, एकानं "आपण काळजीच करू नका" म्हटलं, एकानं विषय बदलून पडद्याचे रंग दाखवले. फ्रिज किती लिटरचा हे चौघांनाही तोंडपाठ होतं.

आमच्या वहीतला शेवटचा आकडा एका मिनिटाला चौदा. रस्ता तोच, वारा थोडा जास्तच होता. त्यानंतर सौ.नी मोजणं सोडलं, कारण त्यांना गाडीत झोप लागायला लागली. फुग्यांत आता शेपटी समपातळीत राहील इतकीच हवा असते. डँपर मी काढून ठेवला आहे. कुणाला खड्ड्यांच्या रस्त्यासाठी हवा असेल तर जरूर न्यावा.

राहिली ती स्टेपनी. ४५ किलोची, अजून मागच्या दारावरच लटकते आहे, ॲक्सलच्या २.४ मीटर मागे. म्हणजे पुढच्या चाकांवरून अजून २७ किलो गेलेलेच आहेत. ती चेसिसच्या पोटाखाली, दोन ॲक्सलच्या मध्ये घ्यायची म्हणतोय, पण तिथे आता टाकी आहे आणि जागा मोजून पाच सेंटिमीटर कमी पडते. कुणा वाचकानं हे जमवलं असेल तर आपल्याच सदरातून कळवावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त काटेवाला